स्ट्रटचे दोन मिलिमीटर

सकाळी साडेसहा

ओसरीवरच्या टेबलावर बोट उलटी ठेवली आहे. लांबी ७०० मिलिमीटर, फायबरग्लासचा हल, मधे कडक धार असलेला उतरता तळ. मागच्या फळीला दोन स्क्रूंनी बसवलेला, शाफ्टचं टोक धरणारा ॲल्युमिनियमचा स्ट्रट, त्याच्या तोंडाशी दोन पात्यांचा पंखा, उजवीकडे सुकाणू. भाच्याने ती काल रात्री कारवारहून आणली. तो तिथे डिप्लोमा करतो, एनसीसीच्या नौदल विभागात आहे. नौसैनिक शिबिरांत जहाजांची मॉडेलं बनवायची स्पर्धा असते, तिथून त्याला या वेडाची लागण झाली. शिबिरातली मॉडेलं डौलात, सावकाश जाणारी. त्याला हवा आहे वेग.

"मामा, मोटर कमी पडते हिला. तापते, नाक खाली घालते, आणि पाणीच नुसतं उडवते. मोठी मोटर घालूया काय?"

मोटर अजून मी पाहिलेलीच नाही. कीलवर, म्हणजे तळाच्या मधल्या धारेवर, स्टीलची पट्टी आडवी टेकवली आणि तिचं टोक मागच्या फळीच्या बाहेर काढलं. बोट उलटी असल्यामुळे शाफ्टचा मध्य पट्टीच्या वर निघाला, चांगला चार मिलिमीटर. बोट सुलटी केली की तेवढाच तो कीलच्या खाली जाणार. शिवाय स्ट्रटचं पंख्याकडचं टोक आणखी खाली कललेलं. मोटरवर ठपका ठेवायचं काहीच कारण नाही. पृष्ठभागावर पंखा फिरवणाऱ्या बोटीत वेगाचा हिशेब आधी स्ट्रटपाशी होतो, मोटर आणि बॅटरी त्यानंतर. माझं हे मत दांडेलीच्या कागद कारखान्याच्या मशीन शॉपमध्ये पक्कं झालं. तिथे मोठ्या रोलची बेअरिंग वारंवार जळायची, आणि तपासल्यावर दोष बहुतेक वेळा रेषेत निघायचा.

सात

चहा होईपर्यंत भाच्याला मूळ गोष्ट सांगून घेतली, कारण ती कळल्याशिवाय पाना हातात देण्यात अर्थ नाही.

नेहमीच्या जहाजाचा पंखा पूर्ण पाण्याखाली असतो. सावकाश, जड ओझं ओढायला तो उत्तम. वेग वाढत गेला की दोन अडचणी येतात. एक, शाफ्ट, त्याचा आधार, पंख्याचा मधला भाग हे सगळं पाण्यातून ओढावं लागतं, आणि पाणी हवेच्या सुमारे ८०० पट दाट आहे. दुसरी अडचण पात्याच्या पाठीवर. जोरात फिरणाऱ्या पात्याच्या मागे दाब इतका उतरतो की थंड पाण्याचीही वाफ होते. वाफेचे हे बुडबुडे थोडं पुढे, दाब वाढला की फुटतात, आणि फुटताना धातूला इतका मार देतात की काही काळाने पात्याला खड्डे पडलेले दिसतात. याला कॅव्हिटेशन म्हणतात.

पृष्ठभागावरच्या ड्राइव्हमध्ये पंख्याचा मध्य साधारण पाण्याच्या पातळीवर ठेवतात. बोट वर उठून पाण्यावर धावू लागली की एक पातं पाण्यात आणि दुसरं हवेत असतं. प्रत्येक पातं पाण्यात शिरताना स्वतःबरोबर हवा घेऊन जातं, त्यामुळे त्याच्या पाठीमागची पोकळी वाफेऐवजी हवेने भरते. हवेचा बुडबुडा तसा फुटत नाही, पातं खात नाही. शाफ्ट आणि स्ट्रट पाण्याबाहेर राहिल्याने ओढ कमी. बदल्यात काय द्यावं लागतं? कमी वेगात असा पंखा निरुपयोगी, बोट उठायला जड. आणि अर्धाच पंखा पाण्यात असल्यामुळे तो पुढे ढकलण्याबरोबर बोटीची शेपूट उचलतो आणि बाजूलाही सरकवतो.

"म्हणजे मी खाली घातला ते उठायला बरं पडावं म्हणून…"

"उठायला बरं पडलं. पण मग धावताना बोट अर्ध्याहून जास्त पंखा पाण्यातून ओढत राहिली. तुझी मोटर तापते ती त्यामुळे."

साडेआठ

तांदळाची भाकरी आणि चटणी खाऊन पाने काढले. सगळं सुटं केल्याशिवाय मोजमाप करू नये.

आधी पंख्याचा नट, पंखा, मग पंख्याला शाफ्टशी अडकवणारा ड्राइव्ह डॉग. मग आत मोटरकडचा, शाफ्ट पकडून ठेवणारा कॉलेट सैल करून फ्लेक्सी शाफ्ट मागून ओढून काढली. ही शाफ्ट तारांचे थर एकमेकांवर उलटसुलट वळून केलेली, ४.७६ मिलिमीटर जाडीची, पितळी नळीतून थोडी वळत मोटरपासून स्ट्रटपर्यंत जाणारी. हिला वंगण लागतं, आणि नुसतं तेल पुरत नाही. बोटीचं ग्रीस हवं, पाण्याला न सुटणारं. भाच्याच्या शाफ्टवर ग्रीस होतं, पण त्यात वाळू. पेट्रोलच्या फडक्याने पुसली, बोटांतून फिरवत एकेक तार तपासली. कुठे तार उकललेली नाही, कुठे निळसर डाग नाही. डाग दिसला असता तर शाफ्ट बदलायला लावली असती. तसा डाग म्हणजे ती तिथे घासून गरम झाल्याची खूण, आणि पुढे ती तिथेच तुटते.

नळी आत डोकावून पाहिली. मोटरजवळ तिचं तोंड मोटरच्या शाफ्टच्या सरळ रेषेत हवं. इथे मोटर माउंट एका बाजूला अर्धा मिलिमीटर बसला होता. माउंटचे चारही बोल्ट ढिले केले, शाफ्ट घातली, कॉलेट हाताने आवळला, मोटर स्वतः आपली जागा घेईपर्यंत हळूहळू फिरवली, मग कोपऱ्याकोपऱ्याने बोल्ट घट्ट केले. आता शाफ्ट दोन बोटांनी फिरते आणि कुठेही अडत नाही. हे तपासायला यंत्र लागत नाही, पण लोक नेमकं हेच सोडून थेट बॅटरी जोडतात.

परत बसवताना ड्राइव्ह डॉग आणि स्ट्रटचं तोंड यांच्यात तीन मिलिमीटर जागा सोडली. भार आला की तारेची शाफ्ट पिळवटून थोडी आखूड होते. जागा नसली तर डॉग स्ट्रटवर घासतो आणि मोटरवर मागून ओढ येते. भाच्याच्या बोटीत ही जागा जवळजवळ नव्हती. गरम होण्याचं आणखी एक कारण सापडलं.

साडेनऊ

आता खरं काम. खिडकीच्या जुन्या काचेचा जाड तुकडा मी याच कामासाठी ठेवला आहे, कारण लाकडी टेबल कितीही रंधलं तरी पावसाळ्यानंतर ते वाकतं. आमच्या जोयडा तालुक्यातला पाऊस लाकडाचा घात करतो. काचेवर बोट सुलटी, दोन बाजूंना ठोकळे देऊन कील काचेला समांतर केली. कील काचेपासून किती उंच आणि शाफ्टचा मध्य किती उंच हे व्हर्नियरने मोजायचं. दोन्ही आकडे सारखे आले की शाफ्ट कीलच्या पातळीवर आली. एका पंख्याच्या अशा बोटीला मी कायम इथूनच सुरुवात करतो. इथून वर जाता येतं, खाली जाता येतं, आणि कुठे होतो ते विसरत नाही.

कोन त्याहून नाजूक. स्ट्रटच्या पुढच्या आणि मागच्या टोकाची उंची मोजली. दोन्ही सारखी असली तर कोन शून्य, शाफ्ट कीलला समांतर. पंख्याकडचं टोक खाली असलं तर पंख्याचा जोर पुढे आणि किंचित वर लागतो, म्हणजे शेपूट उचलली जाते आणि नाक पाण्यात जातं. टोक वर असलं तर उलट, शेपूट बसते, नाक उठतं. भाच्याची बोट नाक घालत होती, आणि टोक खाली होतं. दोन गोष्टींचा संबंध त्याला स्वतःच दिसला. त्याने पाना घेऊन कोन शून्य केला, मी मोजून पाहिला.

मागे, पण किती मागे, हेही बघायचं. पंखा मागच्या फळीपासून थोडा लांब असला की त्याला फळीखालून निसटून आलेलं, शांत झालेलं पाणी मिळतं. या हलवर स्ट्रटची जागा बनवणाऱ्याने ठरवलेली आहे, ती बरी आहे, म्हणून ती हलवली नाही.

अकरा

पंख्याची पाळी. हा ऑक्ट्युरा कंपनीचा एक्स-४४२, अमेरिकेचा, बेरिलियम मिसळलेल्या तांब्यात ओतलेला. नावातच माप आहे: पहिला चार म्हणजे पिचचं व्यासाशी गुणोत्तर १.४, आणि पुढचे बेचाळीस म्हणजे व्यास ४२ मिलिमीटर. म्हणजे एका फेऱ्यात, पाणी अजिबात सरकलं नाही असं धरलं तर, बोट ५८.८ मिलिमीटर पुढे जायला हवी.

भाच्याला हिशेब करायला लावला. मोटर २००० केव्ही, म्हणजे व्होल्टला मिनिटाला २००० फेरे. चार सेलची लिपो बॅटरी, १४.८ व्होल्ट. मिनिटाला २९,६०० फेरे. गुणाकार केला की तासाला १०४ किलोमीटर. तो खूश झाला. पण हा आकडा कागदावरचा. भार पडला की व्होल्टेज उतरतं, फेरे उतरतात, पाणी घसरतं. हा आकडा वरची मर्यादा सांगतो, त्याच्या पुष्कळ खाली बोट धावते. मोठी मोटर बसवून तो ही मर्यादा वाढवू पाहत होता, आणि बोट या मर्यादेच्या आसपासही पोचत नव्हती.

ओतलेला पंखा जसा येतो तसा चालवत नाहीत. त्याच्या पुढच्या कडा बोथट असतात. पातं पाण्यात शिरतं ते कापत शिरायला हवं. आधी सूचना दिली: बेरिलियमची धूळ फुप्फुसाला विष आहे. कोरडी घासायची नाही. पाण्यात बुडवून, ओल्या पॉलिश पेपरने, हातमोजे आणि मास्क घालून, आणि ते पाणी अंगणात फेकायचं नाही. धार बोटाने नाही, कागदावर चालवून पाहिली.

मग तोल. एका सुईवर पंखा आडवा लटकवला, दर वेळी एकच पातं खाली येतं. जड पात्याचं वजन कमी करायचं, पण ज्या बाजूने पातं पाणी ढकलतं त्या बाजूला हात लावायचा नाही, दुसऱ्या बाजूने घासायचं. थोडं घासा, लटकवा, परत थोडं. इथे घाई करू नये. अठ्ठावीस-तीस हजार फेऱ्यांना असमतोल पंखा स्ट्रटच्या बुशिंगचं छिद्र लांबट करतो, आणि मग सकाळी साडेनऊला मोजलेल्या मापाला काही अर्थ राहत नाही. भाच्याला कंटाळा आला. मला नाही येत. मशीन शॉपमध्ये हीच माझी आवडती वेळ असायची.

मागून पाहिल्यावर हा पंखा घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो. हे वहीत लिहून ठेवायला लावलं, कारण संध्याकाळचा निम्मा विचार यावर चालेल.

साडेबारा

जेवताना भाच्याने विचारलं, हे पंखा अर्धा बाहेर ठेवायचं कुणाच्या डोक्यात आलं?

मला माहीत असलेलं सांगितलं. कॅनडाचा अल्बर्ट हिकमन, पहिल्या महायुद्धाच्या सुमाराचा. त्याने सी स्लेड नावाची उलट्या व्ही आकाराच्या तळाची बोट काढली आणि तिला पृष्ठभागावर चालणारे पंखे लावले. मग अमेरिकेतल्या सिएटलची स्लो-मो-शन चार ही शर्यतीची बोट. टेड जोन्सचा आराखडा, अँकर जेन्सनने बांधलेली, मालक स्टॅन्ली सायर्स. २६ जून १९५० रोजी वॉशिंग्टन सरोवरावर तिने ताशी १६०.३ मैलांचा, म्हणजे सुमारे २५८ किलोमीटरचा विक्रम केला. आधीचा विक्रम सर माल्कम कॅम्बेल यांचा, १९३९ सालचा, १४१.७ मैलांचा. एका उडीत जवळजवळ १९ मैल. ती बोट धावताना पुढचे दोन बाजूंचे तळ आणि मागे पंख्याचं अर्धं पातं एवढ्यावरच उभी राहत असे, आणि पंखा तिला ढकलता ढकलता उचलूनही धरत असे. पुढे १९८० च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या हॉवर्ड आर्नेसनने ही रचना बाजारात आणली. त्याच्या ड्राइव्हमध्ये शाफ्टचं टोक पंपाने वरखाली आणि डावंउजवं हलतं, म्हणजे चालकाला धावत्या बोटीतच खोली बदलता येते. तोच माणूस आधी जलतरण तलाव साफ करणारं यंत्र शोधून प्रसिद्ध झाला होता.

आपल्या बोटीत आर्नेसनची ती सोय नाही. आपल्याला काठावर येऊन पान्याने बदल करावा लागतो. यातून शिकायला जास्त मिळतं असं मला वाटतं, कारण प्रत्येक बदल हाताने करून डोळ्याने पाहिलेला असतो.

दोन

मागच्या फळीवरच्या दोन छोट्या पट्ट्या, ट्रिम टॅब, हलच्या तळाशी सरळ रेषेत आणल्या. सुकाणू उभं, टोकदार, पंख्याच्या उजवीकडे आणि थोडं मागे. त्यातूनच थंड पाणी वर येऊन स्पीड कंट्रोलर आणि मोटरच्या जॅकेटमधून फिरून बाजूच्या छिद्रातून बाहेर पडतं. तोंडाने फुंकून पाहिलं, नळी मोकळी.

मग वजनाचा मध्य. बॅटरी आत, दोन बोटांवर बोट तोलली. मागच्या फळीपासून लांबीच्या सुमारे ३० टक्क्यांवर, म्हणजे २१० मिलिमीटरवर ती सरळ राहायला हवी. बॅटरी वेल्क्रोच्या पट्ट्यांनी धरली, म्हणजे काठावर सरकवता येईल. आत फोमचे तुकडे, उलटली तर बुडू नये म्हणून. झाकणाच्या कडेला टेप.

शेवटी एक चाचणी मी कधी सोडत नाही. पंखा काढून, मोटर हळू फिरत असताना रिमोट बंद केला. मोटर थांबली. याला फेलसेफ म्हणतात. अशी बोट रिमोटचा संपर्क तुटल्यावर काठाकडे धावत सुटली तर कुणाचं तरी नडगीचं हाड मोडेल, किंवा मुलाचं तोंड. ही चाचणी दिसायला किरकोळ, पण तिच्याशिवाय बोट पाण्यात जाणार नाही, हे माझ्याकडे ठरलेलं.

तीन

निघालो. काळी नदी इथून हाकेवर, मग पाण्यासाठी दांडेलीच्या पलीकडे का जायचं, असं शेजारी विचारतात. उत्तर साधं आहे. आमचं कुळगी गाव व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरात येतं. दांडेली अभयारण्य आणि अणशी राष्ट्रीय उद्यान मिळून २००७ मध्ये हा प्रकल्प झाला, २०१५ पासून त्याला काळी नदीचंच नाव आहे. पृष्ठभागावरचा पंखा करवतीसारखा किंचाळतो. धनेशाच्या झाडाखाली तो आवाज करायचा नाही. त्यात नदीत मगरी आहेत, दांडेलीला त्या बघायला लोक जातात. आणि नदीचं पाणीही आपल्या हातात नाही. गणेशगुडीला १०१ मीटर उंचीचं सुपा धरण, तिथून वीज निघते तेव्हा पाणी सुटतं, आणि संथ पाणी बघता बघता धावू लागतं. राफ्टिंग करणाऱ्यांना ते हवं असतं. मला हवं आहे सपाट पाणी.

म्हणून हल्याळच्या दिशेचं एक गावतळं. पंचायतीला विचारलेलं आहे, वेळ ठरलेली आहे, म्हशी गेल्यावर. रस्त्यात उसाचे ट्रॅक्टर, त्यांच्यामागून सरकत सरकत पोचलो.

साडेचार

वारा पडलाय. तळ्यावर सुरकुती नाही. पलीकडे कुणी धुणं धूत नाही हे आधी बघितलं, मग बोट पाण्यात.

रिमोट आधी, बॅटरी नंतर, हा क्रम. स्पीड कंट्रोलरचा कटऑफ सेलला ३.४ व्होल्ट. भाच्याच्या हातात रिमोट, माझ्या हातात वही. पहिली फेरी अर्ध्या जोरात, सरळ रेषेत, नुसतं बघायला.

फरक लगेच दिसला. नाक पाण्यात जात नाही. पण बोट अजून ओली आहे, म्हणजे तळाचा पुष्कळ भाग पाण्याला चिकटून धावतोय. मागचा पाण्याचा तुरा उंच, जवळजवळ उभा. तुऱ्याकडे मी फार बारकाईने बघतो. तो उंच आणि जवळ पडत असेल तर पंख्याची ताकद पाणी आकाशात फेकण्यात चालली आहे. लांब, खालून मागे पसरत जाणारा तुरा दिसला की पंखा ढकलतोय असं समजायचं. दुसरी खूण, बोट उजवीकडे झुकते. सकाळी वहीत लिहिलेली दिशा आता कामाला आली. पंखा घड्याळाच्या उलट फिरतो, म्हणून हल घड्याळाच्या दिशेने वळायला बघतो, उजवी बाजू खाली. शिवाय पाण्यातलं पातं उजवीकडे सरकतं, त्यामुळे शेपूट डावीकडे ढकलली जाते आणि नाक उजवीकडे ओढ घेतं.

"उजवा टॅब खाली करूया?"

"कर. किंचित. आणि दुसरं काही करू नको."

याबाबतीत मी हट्टी आहे. एका वेळी एकच बदल. दोन बदल केले आणि बोट सुधारली, तर कशाने सुधारली ते कळत नाही; बिघडली तरी तेच. भाच्याच्या बोटीवर महिनाभर चाललेली सगळी खटपट अशीच होती, पंखा आणि कोन आणि बॅटरी एकाच दुपारी.

उजवा टॅब किंचित खाली, झुकणं गेलं. मग काठावर बसून स्ट्रट दोन मिलिमीटर वर. कोन परत पट्टी लावून पाहिला, शून्यच. उंची बदलताना कोन हलतो, आणि तेव्हा बदल एक राहत नाही.

सुटताना बोट कुरकुरली. पंख्याने हवा ओढली, क्षणभर जागच्या जागी घोंगावला, भाच्याने जोर एकदम दिला आणि ती वर उठली. उठल्यावर मात्र वेगळीच बोट. तळाचा शेवटचा हातभर भाग पाण्याला लागतोय, बाकी हवेत. तुरा खाली आला, लांब झाला, आवाज बारीक आणि एकसारखा झाला. दोन मिलिमीटर, अर्ध्या पेन्सिलीच्या जाडीपेक्षाही कमी. मोटर तीच, बॅटरी तीच.

भाचा ओरडला. मीही गप्प राहिलो नाही, खरं सांगायचं तर.

पूर्ण जोराला मात्र नवी गोष्ट उघडी पडली. बोट डावीकडे, उजवीकडे, डावीकडे अशी डोलू लागली, आणि दर हेलकाव्याला जास्त. तळाची एक बाजू पाणी धरते, सोडते, मग दुसरी धरते. जोर कमी केला की थांबतं. इथे मोह होतो स्ट्रट परत खाली घ्यायचा. तो टाळला, कारण पंखा आता जिथे आहे तिथे त्याचं काम बरोबर चाललंय. आधी बॅटरी दहा मिलिमीटर पुढे सरकवली. नाकावर वजन आलं, बोटीने पाणी थोडं जास्त धरलं, डोलणं पुष्कळ कमी झालं. पूर्ण गेलं नाही. उरलं ते दोन्ही टॅब अगदी केसभर खाली घेऊन घालवायचं, पण तो बदल आजचा नाही. प्रकाश उतरतोय, आणि कमी प्रकाशात पाण्यावरचा तुरा वाचता येत नाही.

प्रत्येक फेरी छोटी ठेवली. काठावर आल्याबरोबर इन्फ्रारेड थर्मामीटर. कालपर्यंत हाताला चटका देणारी मोटर आता साठ अंशांच्या खाली आहे. बाजूच्या छिद्रातून पाण्याची पिचकारी सरळ येते. वळणं फक्त उजवीकडे घ्यायला लावली, सुकाणू उजवीकडे आहे आणि पंख्याची ओढही उजवीकडे, तिथे बोट पाणी सोडत नाही. डावं वळण घ्यावंच लागलं तर जोर सोडायचा, हा नियम त्याने एकदा तोडला आणि बोट उलटी झाली. फोमने तिला तरंगत ठेवलं. दोरीला बांधलेला टेनिसचा चेंडू पलीकडे फेकून ओढत आणली.

पावणेसहा

आवरलं. अंधार पडायच्या आत दांडेली ओलांडायची, कारण पुढे कुळगीच्या रस्त्यावर गवे येतात आणि हेडलाइटसमोर ते हलत नाहीत. आज एक होता, कडेला उभा. गाडी बंद करून थांबलो, तो गेल्यावर निघालो.

गाडीत भाचा म्हणाला, "मामा, मोठी मोटर घेतली असती तर?"

"घेतली असतीस तर जास्त वेगाने नाक पाण्यात घातलं असतंस. आता घे, हवी तर. आता ती काय करते ते तुला कळेल."

"नको. आधी एक्स-६४२ लावून बघू. पिच १.६."

ही निवड मला आवडली. व्यास तोच, पिच जास्त, म्हणजे खोलीचं माप बदलत नाही आणि बदल एकच राहतो. मोटर जास्त तापेल, ते थर्मामीटर सांगेल.

साडेसात

घरी आल्यावर बोट तशीच ठेवून जेवायला बसायचं नाही. फ्लेक्सी शाफ्ट बाहेर काढली, पुसली, नळीतून कापड ओढून पाणी काढलं. या दमट हवेत रात्रभर ओली राहिलेली तार सकाळी गंज धरते. ग्रीस लावून ती उद्यापर्यंत बाहेरच ठेवली. झाकण उघडं, आत घरातल्या पंख्याचा वारा. बॅटरी सेलला ३.८ व्होल्टवर आणून ठेवली, पूर्ण भरलेली लिपो पडून राहिली तर फुगते. ती लोखंडी डब्यात, घरातल्या माणसांपासून लांब.

मग वही. भाच्याने लिहिलं, मी सांगितलं नाही: शाफ्टचा मध्य कीलच्या २ मिलिमीटर वर. कोन शून्य. डॉगची फट ३ मिलिमीटर. बॅटरी १० मिलिमीटर पुढे. उजवा टॅब किंचित खाली. एक्स-४४२, तोल काढलेला. पूर्ण जोरात थोडं डोलतं. खाली एक रिकामी ओळ सोडून: उद्या दोन्ही टॅब, दुसरं काही नाही.